पाणाड्यावर विश्वास असलेल्या घरच्या माणसांशी युक्तिवाद कसा करावा?

कोरडवाहू, सांगली (मूळ प्रश्न)

नमस्कार. आमचे गाव जत तालुक्याच्या पूर्व भागात आहे. मी नोकरीनिमित्त सांगलीत राहतो. शेती वडील आणि चुलते पाहतात. म्हैसाळ योजनेचे पाणी आमच्या शिवारात अद्याप आलेले नाही, त्यामुळे डाळिंबाच्या बागेची सगळी भिस्त एका जुन्या विहिरीवर आणि एका बोअरवर आहे. शिमगा झाला की विहीर तळ गाठते आणि बोअर थोडा वेळ चालून हवा ओढू लागते. मागे आम्ही आणखी दोन बोअर मारल्या. दोन्ही जागा एकाच पाणाड्याने, म्हणजे जमिनीखालचे पाणी कुठे आहे ते सांगणाऱ्या माणसाने, दाखवल्या होत्या. पहिली ४५० फुटांपर्यंत नेली तरी नुसता धुरळा उडाला. दुसरीला पाऊण इंच पाणी लागले आणि ते पहिल्याच उन्हाळ्यात आटले. सोसायटीचे कर्ज फिटलेले नसताना आता तिसऱ्या बोअरची बोलणी सुरू झाली आहेत आणि जागाही पुन्हा तेच गृहस्थ दाखवणार आहेत.

त्यांना आमच्याकडे सगळे नाना म्हणतात. वय सत्तरीपुढचे, पायाळू, आणि स्वभावाने अतिशय सरळ. तळहातावर नारळ आडवा ठेवून, शेंडी पुढे करून ते अनवाणी शेतातून चालतात. मी त्यांच्या अगदी शेजारून चाललो आहे. बांधापासून काही अंतरावर त्यांच्या मनगटाच्या शिरा ताठ होतात, बोटे किंचित थरथरू लागतात, आणि एका ठिकाणी नारळ खरोखरच उभा राहतो. त्या क्षणी त्यांच्या चेहऱ्यावर कसलेही नाटक दिसत नाही. ते पैसे घेत नाहीत. टोपी-टॉवेल दिला तर घेतात, घरी आमटी-भाकरी जेवतात आणि चालत परत जातात. त्यामुळे ‘हा माणूस फसवतो’ हे वाक्य माझ्या तोंडून निघू शकत नाही, आणि ते खरेही नाही.

अडचण अशी की माझा कोणताही मुद्दा टिकत नाही. नानांनी दाखवलेल्या किती जागांना पाणी लागले, असे मी विचारले, तर वडिलांनी आसपासच्या गावांतल्या विहिरींची आणि बोअरची नावे घेऊन दाखवली. आपल्या दोन्ही बोअर गेल्या, असे म्हटले, तर पहिल्या वेळी गाडीवाल्याने मशीन दोन हात अलीकडे लावले होते आणि दुसऱ्या वेळी पाणी लागलेच होते, पुढे पाऊस झाला नाही त्याला नाना काय करणार, असे उत्तर मिळाले. शेवटी चुलत्यांनी मला विचारले, “तू अणू कधी डोळ्यांनी बघितलास का? पुस्तकात आहे म्हणून मानतोस ना? मग आम्ही नानांना मानतो.” या प्रश्नाला मी जे उत्तर दिले ते मलाच पुरेसे वाटले नाही.

मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. ज्या समजुतीला दाखवता येण्याजोगा पुरावा नाही, पण प्रत्येक अपयशासाठी कारण मात्र तयार आहे, तिच्याविषयी घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोलावे कसे? आणि माझ्याजवळ त्याहून चांगला पर्याय नसताना त्यांच्या हातातला हा आधार काढून घेणे कितपत योग्य आहे? टिंगल करणारी उत्तरे कृपया देऊ नयेत.


भूजल, मिरज

मी आयुष्यभर भूजलाच्या क्षेत्रात काम करून निवृत्त झालो आहे. नानांविषयी आपण ज्या आदराने लिहिले आहे, तो आदर पुढच्या बोलण्यातही टिकवा, कारण त्याखेरीज हा विषय घरात निघणारच नाही.

पाणाड्याला यश का येते, हे प्रथम पाहू. महाराष्ट्राची सुमारे ८० टक्के जमीन बेसॉल्टने, म्हणजे साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर पसरलेल्या लाव्हाच्या खडकाने व्यापलेली आहे. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट काळा पाषाण असतो आणि वरचा भाग सच्छिद्र, ज्याला आपण मांजऱ्या म्हणतो. दोन थरांच्या मध्ये पुष्कळदा लाल गेरूचा पट्टा सापडतो. पाणी राहते ते वरच्या झिजलेल्या मुरमात, मांजऱ्याच्या पोकळ्यांत आणि पाषाणाला पडलेल्या भेगांत. या रचनेमुळे दोन गोष्टी घडतात. ओढ्याकाठच्या किंवा सखल जमिनीत जवळजवळ कुठेही खोदले तरी थोडेफार पाणी लागते, मग जागा कोणीही दाखवलेली असो. उलट, माळावर वीस पावलांच्या अंतरात एक बोअर चालते आणि दुसरी कोरडी जाते, आणि अशा ठिकाणी जी चालली तिची कथा पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते.

म्हणून वडिलांनी जी नावे घेतली, ती खोडून काढू नका. ती लिहून घ्या. प्रत्येक नावापुढे जागा ओढ्यापासून किती अंतरावर आहे, पाणी किती फुटांवर लागले, किती इंच लागले आणि वैशाखात त्यातले किती उरते, एवढे लिहा. मग त्याच गावांत नानांना न विचारता घेतलेल्या बोअर आणि विहिरी शोधून त्यांचीही तीच माहिती लिहा. दुसऱ्या यादीविना पहिल्या यादीचा काहीही अर्थ लागत नाही. नानांच्या यशाचे प्रमाण इतरांइतकेच निघाले, तर यश खडकाचे आहे. ते स्पष्टपणे जास्त निघाले, तर मात्र मला स्वतःला नानांना भेटायला आवडेल. शेतात आयुष्य घालवलेल्या माणसाची नजर उतार, उंबराचे झाड, जमिनीचा ओलसर रंग टिपत असते, आणि त्या नजरेतून आलेले अनुमान नारळाच्या तोंडून बाहेर पडत असण्याची शक्यता मी नाकारत नाही.

आता माझ्या विद्येच्या मर्यादेविषयी, कारण ती लपवून युक्तिवाद करणे बरोबर नाही. पाण्याच्या शोधात जमिनीची विद्युत रोधकता, म्हणजे ती विजेला किती अडवते हे, मोजताना आम्ही जमिनीत चार खुंट्या ठोकतो, बाहेरच्या दोन खुंट्यांतून वीज सोडतो आणि आतल्या दोन खुंट्यांमधला विजेचा दाब मोजतो. घट्ट पाषाण विजेला फार अडवतो, पाणी धरलेला झिजलेला खडक कमी अडवतो. पण काळी चिकणमातीसुद्धा कमीच अडवते, त्यामुळे नुसत्या आकड्यावरून फसगत होऊ शकते. जाणकार माणूस नकाशा, उतार, आसपासच्या विहिरी आणि हा आकडा एकत्र ठेवून शक्यता सांगतो. हमी देत नाही. जिल्ह्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचे कार्यालय आहे, तिथे आपल्या परिसरातल्या निरीक्षण विहिरींच्या नोंदी पाहायला मिळतील. मात्र ‘पाणी दाखवणारे मशीन’ म्हणून आवाज करणारी पेटी घेऊन गावोगाव फिरणारी जी मंडळी हमी देतात, त्यांच्यापासून दूर राहा. नारळ सोडून त्या पेटीवर विश्वास ठेवला, तर विचाराची पद्धत तसूभरही बदललेली नसते, खर्च तेवढा वाढतो.

आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. नाना ‘कुठे’ या प्रश्नाचे उत्तर देतात. आपल्या पूर्व भागातला खरा प्रश्न ‘किती’ हा आहे. त्याच खडकातून सगळे शिवार उपसा करत असेल आणि वर्षाचा पाऊस त्याची भरपाई करू शकत नसेल, तर जागा बदलून काही होणार नाही. आपली दुसरी बोअर आटली याचा अर्थ जागा चुकली असाच नाही. तिथे साठाच तेवढा होता. तिसऱ्या बोअरचा विचार करण्याआधी जुन्या विहिरीतला गाळ काढणे, तिच्या तळाशी आडव्या बोअर घेऊन बाजूच्या भेगा जोडणे, ओढ्याचे पावसाळी पाणी गाळून विहिरीत सोडणे, यांचा खर्च काढून वडिलांपुढे ठेवा. पर्याय नसताना आधार काढून घेणे योग्य का, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाला माझ्याकडून एवढेच उत्तर आहे: पर्याय हातात घेऊनच घरी जा.


फळा आणि खडू, विटा

मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. वरच्या प्रतिसादातली दुसरी यादी हा या चर्चेचा गाभा आहे असे मला वाटते, आणि ती यादी करणे माणसाला आपणहून का सुचत नाही, याविषयी थोडे लिहिते.

पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली मांडलेला एक प्रयोग मी दरवर्षी नववीच्या वर्गात करते. फळ्यावर २, ४, ६ हे आकडे लिहायचे आणि सांगायचे की हे त्रिकूट माझ्या मनातल्या एका नियमाप्रमाणे आहे. तुम्ही नवी त्रिकुटे सुचवा, मी ‘बसते’ किंवा ‘बसत नाही’ एवढेच सांगेन, आणि खात्री पटल्यावर नियम ओळखा. मुले ८, १०, १२ सुचवतात, बसते. २०, २२, २४, बसते. तीन-चार होकार मिळाले की हात वर होतात: दोन-दोनने वाढणारे आकडे! नियम तो नसतो. नियम असतो फक्त ‘चढत्या क्रमाने तीन आकडे’. १, २, ३ विचारले असते किंवा ५, १७, ९० विचारले असते, तरी तो लगेच उघडा पडला असता. पण ते विचारायचे मुलांच्या मनात येत नाही, कारण आपली कल्पना जिथे खरी ठरेल तिथेच सगळी जातात. हुशार मुलेही तिथेच जातात.

आता शेताकडे या. नाना जिथे ‘पाणी आहे’ म्हणतात तिथे लोक बोअर मारतात. नाना जिथे ‘पाणी नाही’ म्हणतात तिथे कोणीही बोअर मारत नाही. त्यामुळे नारळ आडवाच राहिला त्या जमिनीखाली पाणी होते की नव्हते, हे आपल्या भागात कोणालाही ठाऊक नाही. एवढे एकच वाक्य वडिलांना शांतपणे सांगा आणि त्यावर त्यांना विचार करू द्या. यात नानांवर आरोप नाही, वडिलांच्या स्मरणावर अविश्वास नाही. माहितीची अर्धी बाजू कोणी पाहिलेलीच नाही, इतकेच त्यात आहे.

चुलत्यांच्या अणूविषयीच्या प्रश्नाला मी मोलाचा प्रश्न मानते आणि त्याचे उत्तर टाळू नये. विसाव्या शतकाच्या आरंभी अणूवर विश्वास न ठेवणारे मोठे शास्त्रज्ञ होते. विल्हेल्म ओस्टवाल्ड हे नामवंत रसायनशास्त्रज्ञ त्यांपैकी एक. अणू ही हिशेबाची सोय आहे, वस्तू नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. मग आइन्स्टाइन यांनी १९०५ मध्ये असे गणित मांडले की अणू-रेणू खरे असतील तर पाण्यात तरंगणारे सूक्ष्म कण अमुक प्रमाणात इकडेतिकडे सरकलेच पाहिजेत, आणि फ्रान्समध्ये झाँ पेरँ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली ते सरकणे मोजले. आकडे जुळले. १९०९ च्या सुमारास ओस्टवाल्ड यांनी आपले मत जाहीरपणे बदलले. म्हणजे अणू डोळ्यांनी पाहिला म्हणून मानलेला नाही. ‘असे दिसले नाही तर आमचे चुकले’ असे आधी सांगून, मग मोजून मानलेला आहे. चुलत्यांना विचारावे की नानांच्या बाबतीत काय दिसले तर आपण म्हणाल की नारळाला पाणी कळत नाही? उत्तर त्यांनी लगेच द्यावे असा आग्रह धरू नका. पुढच्या भेटीत पुन्हा विचारा.


डाळिंब बागायतदार, आटपाडी

वरचे दोन्ही प्रतिसाद मी नीट वाचले. मी नानांसारख्याच एका माणसावर विश्वास ठेवतो आणि माझी बाजू इथे मांडणे मला आवश्यक वाटते.

माझ्या विहिरीची जागा पाणाड्यानेच दाखवली होती. टेंभू योजनेचे पाणी येण्याआधीच्या सगळ्या दुष्काळांत तिने बाग जगवली. हे मी कोणत्याही यादीसाठी विसरू शकत नाही. पाण्याच्या खुणांची विद्या काही आजची नाही. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत ‘दकार्गल’ या नावाने भूगर्भातल्या पाण्याचा एक संपूर्ण अध्याय लिहिला आहे आणि त्यात कोणते झाड, कोणत्या दिशेला वारूळ, खाली कोणत्या रंगाची माती, असे तपशील आहेत. इतक्या जुन्या अनुभवाला एका वाक्यात पुरावा नसलेले म्हणणे मला पटत नाही.

परंतु मला सांगायचे आहे ते वेगळेच. बोअर मारण्याचा निर्णय ज्याने कधी घेतलेला नाही, त्याला त्या रात्रीची कल्पना येणार नाही. बोअर मारणारी तमिळनाडूची गाडी शेतात उभी असते, फुटाफुटाला पैसे चढत असतात, ३०० फूट झाले तरी धुरळाच, आणि गाडीवाला विचारतो, “पुढे जायचे की काढायचे?” बायकापोरे बांधावर उभी असतात. त्या वेळी जागा कोणीतरी जाणत्याने दाखवलेली असणे हा घरच्या कर्त्याला फार मोठा आधार असतो. बोअर कोरडी गेली तर ‘नशिबात नव्हते’ असे म्हणून घर पुन्हा उभे राहते. जागा त्याने स्वतःच निवडलेली असेल, तर तो दोष आयुष्यभर त्याच्या एकट्याच्या माथी बसतो. तुमचा अहवाल शक्यता सांगतो, हे प्रामाणिकपणाचे आहे. पण ‘६० टक्के शक्यता’ हातात घेऊन कर्ज काढणाऱ्या माणसाशेजारी त्या रात्री कोण उभे राहते? नाना राहतात. जत, आटपाडी, माण, खटावच्या माणसांनी हा विश्वास अडाणीपणामुळे धरलेला नाही, एवढे प्रश्नकर्त्याने ध्यानात घ्यावे.


परिवर्तनवादी, सातारा

आटपाडीच्या बंधूंचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत महत्त्वाचा प्रतिसाद आहे असे मी मनापासून मानतो, आणि त्यालाच धरून लिहितो. मी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीत काम करतो.

दकार्गलाविषयी आपण म्हणता ते खरे आहे, आणि त्यातून आपल्या दोघांना जवळ आणणारी वाट निघते. झाड, वारूळ, मातीचा रंग या बाहेर दिसणाऱ्या खुणा आहेत. त्या कोणीही जाऊन तपासू शकतो, त्यांतल्या काही खऱ्या ठरतील, काही ठरणार नाहीत, आणि ठरल्या नाहीत तर सोडून देता येतील. नारळ उभा राहणे ही तशी खूण नाही. ते एका माणसाच्या अंगी असलेल्या शक्तीविषयीचे विधान आहे, आणि ती शक्ती त्याच्याखेरीज कोणाला तपासता येत नाही, अशी आपली समजूत आहे. ती समजूत मात्र चुकीची आहे, कारण तपासता येते.

नाना प्रामाणिक आहेत आणि नारळही खरोखर उभा राहतो, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. १८५३ मध्ये इंग्लंडमध्ये लोक टेबलाभोवती बसून त्यावर हात ठेवत आणि टेबल आपोआप फिरू लागे. मायकेल फॅरेडे यांनी, म्हणजे विजेचे मूलभूत नियम शोधणाऱ्या त्याच शास्त्रज्ञाने, लोकांच्या हातांखाली पुठ्ठ्याचे थर ठेवले आणि ते मऊ चिकट पदार्थाने एकमेकांना चिकटवले. टेबल हाताला ओढत असेल तर खालचा थर आधी सरकला पाहिजे. हात टेबलाला ढकलत असेल तर वरचा. वरचे थर पुढे सरकलेले सापडले. बसलेली माणसे खोटे बोलत नव्हती. आपला हात ढकलतो आहे हे त्यांना जाणवतच नव्हते. पुढे फॅरेडे यांनी हाताचा दाब दाखवणारी एक काडी त्यांच्या नजरेसमोर ठेवली, आणि ती पाहताच टेबल फिरायचे थांबले. अशा नकळत होणाऱ्या हालचालींचे वर्णन विल्यम कार्पेंटर यांनी १८५२ मध्येच केले होते. नानांच्या मनगटाच्या ताठ झालेल्या शिरा प्रश्नकर्त्याने पाहिल्या आहेत. त्या इथे आठवाव्यात.

आता तपासण्याविषयी. जर्मनीत कासेल येथे १९९० मध्ये सुमारे ३० पाणाड्यांची चाचणी झाली. जमिनीखाली ५० सेंटिमीटरवर प्लॅस्टिकचा पाइप पुरला होता, त्यातले पाणी सुरू आणि बंद करता येत होते, आणि पाणाड्याने वरून फक्त इतकेच सांगायचे होते की या क्षणी पाणी वाहते आहे की नाही. अटी सगळ्यांनी आधी मान्य केल्या होत्या आणि आपल्याला जमेल अशी त्यांची खात्री होती. निकाल नुसत्या अंदाजाने येईल तेवढाच आला. ही चाचणी आपल्या बागेत करता येते, कारण ठिबकसाठी पुरलेला मुख्य पाइप आणि व्हॉल्व्ह तिथे आधीच आहेत.

ठिबकच्या नळ्या जिथे फुटतात ती जागा टाळून, नुसता पुरलेला पाइप जातो असा एक टप्पा निवडा. मोटार सतत चालू ठेवा आणि एक व्हॉल्व्ह बंद करताना दुसऱ्या बाजूचा उघडा, म्हणजे मोटारीच्या आवाजावरून काही कळणार नाही. प्रथम सर्वांना सांगून पाणी सोडा आणि नानांना विचारा की नारळ उभा राहतो का. सांगून बंद करा आणि पुन्हा विचारा. इथे नारळ ओळखतो असे ते स्वतः म्हणाले, तरच पुढे जा. मग व्हॉल्व्हपाशी बसलेल्या माणसाने नाणे उडवून पाणी सोडायचे की नाही ते ठरवावे आणि वहीत लिहावे. तो नानांना दिसता कामा नये, आणि नानांसोबत जो असेल त्यालाही पाणी सुरू आहे की बंद हे ठाऊक असता कामा नये, कारण जवळच्या माणसाचा चेहरा पुष्कळ काही सांगून जातो. असे २० वेळा करा. केवळ अंदाजाने १० च्या आसपास उत्तरे बरोबर येतील. १५ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता सुमारे २ टक्के आहे. किती बरोबर आली तर काय मानायचे, हे नाणे उडवण्याआधी कागदावर लिहा आणि त्यावर आपलीही सही करा. नानांची १५ उत्तरे बरोबर आली, तर आपण चाचणी पुन्हा करू, आणि तसेच पुन्हा घडले तर आपले मत बदलू, हे आपण मनापासून मान्य केलेले असेल तरच त्यांना ही चाचणी द्यायला सांगण्याचा आपल्याला अधिकार आहे.

हे गाव जमवून करू नका, मोबाइलवर चित्रीकरण करू नका. डॉ. नरेंद्र दाभोलकर आमच्या साताऱ्याचे. १९८९ मध्ये त्यांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती स्थापन केली आणि २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मंजूर झालेला जादूटोणाविरोधी कायदा पाहिला, तर त्यात केलेला भेद लक्षात येतो. जलस्रोत किंवा गुप्तधन शोधण्यासाठी करणी-भानामतीच्या नावाने अघोरी कृत्य करणे हा त्या कायद्याने गुन्हा आहे. जमिनीखालच्या पाण्याविषयी पाणाड्याने नुसता सल्ला देणे मात्र त्यातून स्पष्टपणे वगळलेले आहे. जिथे कोणाला इजा होत नाही, लुबाडणूक होत नाही, तिथे कायद्याचे काम नाही. तिथे बोलण्याचेच काम आहे, आणि बोलायला वेळ लागतो.

आटपाडीच्या बंधूंच्या शेवटच्या प्रश्नाला, म्हणजे त्या रात्री शेजारी कोण उभे राहते याला, माझ्याकडे शब्दांचे उत्तर नाही. प्रश्नकर्त्याने त्या रात्री सांगलीहून जाऊन बांधावर उभे राहावे. नानांनाही बोलवावे. निर्णय घरातल्या सगळ्यांनी मिळून घेतला आणि वहीत लिहिला, तर बोअर कोरडी गेली तरी दोष एकाच्या माथी बसणार नाही. नानांकडून हे काम आजवर होत आले, ते करणारे दुसरे कोणी घरात तयार झाल्याशिवाय नारळाविषयीचा कोणताही युक्तिवाद वडिलांच्या मनाला भिडणार नाही, असे माझे मत आहे.


कोरडवाहू, सांगली

सर्वांचे आभार. मधल्या काळात गावी जाऊन आलो, म्हणून लिहितो.

यादीचे काम वडिलांनीच हाती घेतले. त्यांना ते आवडले, कारण कोणाची विहीर किती खोल आहे हे त्यांना तोंडपाठ आहे आणि आजवर कोणी ते त्यांच्याकडून लिहून घेतले नव्हते. ‘नाना नाही म्हणतात तिथे कोणी खोदत नाही’ हे वाक्य मी सांगितले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले की पलीकडच्या वस्तीवर एकाने नानांचे न ऐकता बोअर मारली होती, तिला पाणी आहे. ती नोंद त्यांनी स्वतःच वहीत घातली. चुलत्यांचे मत बदललेले नाही. काय दिसले तर नारळावरचा विश्वास सोडाल, या प्रश्नावर त्यांनी ‘तसे दिसणारच नाही’ एवढेच उत्तर दिले. मी पुन्हा विचारणार आहे.

जुन्या विहिरीचा गाळ काढायचे ठरले आहे आणि आडव्या बोअरची चौकशी सुरू आहे. तिसरी बोअर दिवाळीपर्यंत पुढे ढकलली.

चाचणीविषयी मी नानांना स्वतः भेटून सांगितले. ते रागावले नाहीत. मात्र त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या: व्हॉल्व्हपाशी माझे वडील बसले पाहिजेत, आणि पाइपातले पाणी जमिनीतल्या झऱ्यासारखे नसते, त्यामुळे नारळ उभा राहील की नाही हे आधी पाहावे लागेल. ही दुसरी अट मान्य करावी का?


परिवर्तनवादी, सातारा

अवश्य मान्य करा. ती योग्यच अट आहे. म्हणूनच सांगून पाणी सोडण्याची पहिली फेरी आहे. त्या फेरीत नारळ उभा राहिला नाही, तर पाइपावरची चाचणी तिथेच थांबवा आणि तिचा निकाल नानांच्या विरोधात धरू नका. मग वहीतली दुसरी यादी पूर्ण करणे एवढाच मार्ग उरतो. उभा राहिला, तर पूर्ण धारेवरच चाचणी घ्या, अर्ध्या धारेवर नको, नाहीतर नंतर त्यावरूनच वाद होईल. वडील व्हॉल्व्हपाशी बसणार असतील तर नानांसोबत चुलत्यांना चालू द्या. आणि नानांचे वय पाहता २० फेऱ्या एकाच दिवशी नकोत. दोन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी ऊन चढण्याआधी घ्या.


भूजल, मिरज

तिसरी बोअर मारायचीच झाली, तर गाडीवाल्याला दर १० फुटांना निघालेला चुरा वेगळ्या ढिगात ठेवायला सांगा आणि प्रत्येक ढिगाशेजारी फूट लिहिलेली चिठ्ठी दगडाखाली ठेवा. काळा, मांजऱ्या, लाल गेरू हे कुठे बदलले ते त्यावरून कळेल. मागच्या दोन बोअरच्या वेळी हे बदल किती फुटांवर झाले होते, ते वडिलांना आठवत असेल तर आजच लिहून ठेवा, आणि तो कागद घेऊन मिरजेला या. आपण बसून पाहू.